टर्मिनलची खिडकी दर वेळी लहानच का उघडते, आणि ती कायमची मोठी कशी करायची

प्रश्न असा आहे. उबुंटूवर कंट्रोल-आल्ट-टी दाबलं की जीनोम टर्मिनल दर वेळी लहानशा खिडकीत उघडतं. सर्व्हरचे लॉग वाचताना ओळी मधेच मोडतात, म्हणून रोज माउसने कोपरा ओढून खिडकी मोठी करावी लागते. कुणीतरी सुचवलं म्हणून बॅशआरसी फाइलच्या (शेल, म्हणजे आपल्या आज्ञा घेऊन चालवणारा बॅशसारखा कार्यक्रम, सुरू होताना वाचतो ती फाइल) अगदी वर एक ओळ टाकली, आणि तीच फाइल ऑफिसच्या सर्व्हरवरही ठेवली. ती ओळ टर्मिनलला 'एस्केप, उघडा चौकोनी कंस, ८, अर्धविराम, ४०, अर्धविराम, १४०, टी' असा संकेत पाठवते. खिडकी मोठी होते, पण तेव्हापासून सर्व्हरवर फाइल पाठवायला गेलं की एसएफटीपी आणि एससीपी ही फाइल पाठवायची दोन्ही साधनं 'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग ४५८९६३००३' असं म्हणून थांबतात.

थोडक्यात उत्तर: ती ओळ दोन्ही ठिकाणांहून आजच काढा. खिडकीचा आकार हा शेलचा नाही, टर्मिनल एम्युलेटरचा, म्हणजे ती खिडकी दाखवणाऱ्या कार्यक्रमाचा, विषय आहे, आणि जीनोम टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये त्यासाठी दोन आकड्यांची सोय आहे. मेनूतून प्रेफरन्सेस उघडा, डावीकडे आपलं प्रोफाइल निवडा, टेक्स्ट या टॅबमध्ये सगळ्यात वर 'इनिशियल टर्मिनल साइझ' दिसेल. तिथे कॉलम १३२ आणि ओळी ३६ भरा. सेव्हचं बटण नाही, आकडा बदलला की तो नोंदला जातो. पुढची नवी खिडकी त्या मापाची उघडेल.

आता सविस्तर. आधी तो फाइल कॉपीचा बिघाड, कारण त्याचा आणि खिडकीचा संबंध वरवर कळत नाही.

त्या विचित्र आकड्यातच उत्तर आहे. एसएफटीपीच्या संभाषणात प्रत्येक निरोपाचे पहिले ४ बाइट म्हणजे 'पुढे किती लांबीचा निरोप येतोय' हा आकडा असतो. सर्व्हरवर एसएफटीपीचा कार्यक्रम तुमच्या लॉगिन शेलमधूनच सुरू होतो. तो शेल बॅश असेल आणि आपल्याला एसएसएचने (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या कार्यक्रमाने) चालवलंय हे त्याच्या लक्षात आलं, तर समोर माणूस बसलेला नसतानाही तो बॅशआरसी वाचतो. तुमची ओळ फाइलच्या डोक्यावरच असल्यामुळे एसएफटीपीने तोंड उघडण्याआधीच तो संकेत वायरवर गेला. त्याचे पहिले ४ बाइट म्हणजे एस्केप, चौकोनी कंस, ८ हा अंक आणि अर्धविराम. आस्की तक्त्यात त्यांचे क्रमांक अनुक्रमे २७, ९१, ५६ आणि ५९. हे ४ बाइट एकत्र एक संख्या म्हणून वाचा, बरोबर ४५८९६३००३ येते. तुमच्या मशीनला वाटलं की सर्व्हर सुमारे ४६ कोटी बाइटचा निरोप पाठवतोय, म्हणून त्याने नकार दिला. ओपनएसएसएचच्या ९.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, एससीपीसुद्धा मुळात एसएफटीपीच वापरतं, म्हणून दोन्हीकडे एकच ओरड.

उबुंटूच्या मूळ बॅशआरसीमध्ये सुरुवातीलाच एक तपासणी असते. शेल माणसाशी बोलत नसेल तर तिथूनच परत फिरायचं. तुमची ओळ त्या तपासणीच्या वर बसली. खाली टाकली असती तर कॉपी चालली असती, हे खरं. तरीही ती तिथेसुद्धा टाकू नका, कारण बॅशआरसी दर नव्या खिडकीला नाही, दर नव्या शेलला चालते. तुम्ही खिडकी पडदाभर केली आहे, त्यात नवा टॅब उघडला, की संकेत पुन्हा सुटतो आणि खिडकीला १४० बाय ४० ला यायला सांगतो. सर्व्हरवर लॉगिन केलं की पुन्हा तेच. एडिटरच्या आतलं टर्मिनल, टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सेशन चालवणारा कार्यक्रम), दूरच्या मशीनवरचं टर्मिनल, जिथे जिथे शेल सुरू होईल तिथे तिथे ही आज्ञा सुटणार. काही एम्युलेटर ती पाळतात. काही मुद्दाम पाळत नाहीत, कारण आतून चालणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमाने खिडकी हलवावी हे त्यांना सुरक्षित वाटत नाही. एक्सटर्ममध्ये तर असे संकेत मानायचे की नाही याचा वेगळा स्विचच आहे.

हे नीट समजण्यासाठी खिडकीचा आकार नेमका कुठे राहतो ते पाहू. खिडकीला दोन मापं असतात. पडद्यावर ती अमुक पिक्सेल रुंद आणि उंच असते, आणि आतल्या कार्यक्रमांसाठी ती अमुक कॉलम आणि अमुक ओळींची असते. एम्युलेटर पहिल्या मापाला फॉन्टच्या एका घराच्या रुंदी-उंचीने भागतो, आलेले कॉलम-ओळींचे आकडे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कळवतो, आणि कर्नल ते त्या टर्मिनलच्या नावावर लिहून ठेवतो. खिडकी ओढून मोठी केली की एम्युलेटर नवे आकडे देतो आणि कर्नल त्या टर्मिनलवर समोर चालू असलेल्या कार्यक्रमाला 'विंच' नावाचा सिग्नल पाठवतो. व्हिम, लेस, टॉप अशा पडदाभर चालणाऱ्या कार्यक्रमांना तो सिग्नल मिळाला की ते पडदा नव्याने आखतात. शेल या साखळीत फक्त वाचणारा आहे. एसटीटीवाय या टर्मिनलच्या नोंदी वाचणाऱ्या-बदलणाऱ्या कार्यक्रमाला 'रोज' (म्हणजे ओळी) आणि 'कॉल्स' (म्हणजे कॉलम) देऊन आकडे बदलायला सांगितलं, तर कर्नलच्या वहीतली नोंद बदलते, खिडकी तसूभरही हलत नाही. मग ८० कॉलमच्या खिडकीत बॅशला १४० कॉलम आहेत असं वाटतं, आणि लांब आज्ञा टाइप करताना ओळ स्वतःवरच चढते. हा गोंधळ अनेकांनी अनुभवला असेल. कारण दर वेळी हेच: वहीतली नोंद आणि प्रत्यक्ष खिडकी यांचा मेळ तुटलेला असतो.

म्हणून आकार मालकाकडेच ठरवायचा. मालक म्हणजे एम्युलेटर.

(पुढे आज्ञांची आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, टाइप करताना ती इंग्रजी लिपीत लिहावी लागतील.)

जीनोम टर्मिनलमध्ये तुम्हाला पुढच्या गोष्टी अडवतील, म्हणून आधीच सांगतो. एकापेक्षा जास्त प्रोफाइल असतील तर आकडे बदललेलं प्रोफाइल आणि नवी खिडकी ज्या प्रोफाइलने उघडते ते, ही दोन एकच आहेत का ते बघा. प्रोफाइलच्या नावाशेजारच्या बाणातून 'सेट ॲज डिफॉल्ट' निवडता येतं. 'मी बदललं, पण काहीच झालं नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी दुसऱ्याच प्रोफाइलचे आकडे बदललेले असतात. नवा टॅब मात्र आधीच्या खिडकीचंच माप घेतो, कारण एका खिडकीतल्या सगळ्या टॅबना एकच चौकट असते. तेव्हा तपासताना टॅब नको, नवी खिडकी उघडा.

नवी खिडकी उघडल्यावर एसटीटीवाय साइझ ही आज्ञा चालवा. ३६ १३२ असं उत्तर आलं पाहिजे. क्रम पाहा: आधी ओळी, मग कॉलम. प्रोफाइलमध्ये आधी कॉलम विचारतात. कमांड लाइनवर जीनोम टर्मिनलला जॉमेट्रीचा पर्याय देऊन खिडकी उघडायची असेल तर तिथेही आधी कॉलम, मधे इंग्रजी लहान एक्स, मग ओळी. बॅशआरसीतल्या त्या संकेतात मात्र ओळी आधी होत्या. या उलटसुलट क्रमामुळे ३६ कॉलम रुंद आणि १३२ ओळी उंच अशी पट्टीसारखी खिडकी उघडलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. असं दिसलं तर बाकी काही शोधू नका, आकडे अदलाबदल करा.

जॉमेट्रीच्या पर्यायात आकड्यांपुढे अधिक चिन्हं घालून खिडकीची पडद्यावरची जागाही देता येते. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स-इलेव्हन यंत्रणेवर ती पाळली जाते. आताचं उबुंटू वेलँडवर चालतं, आणि वेलँडमध्ये कुठल्याही कार्यक्रमाला आपली खिडकी कुठे बसावी हे ठरवता येत नाही, ते जीनोम हा डेस्कटॉपच ठरवतो. तेव्हा आकार मिळेल, जागा मिळणार नाही. त्यामागे डोकं लावू नका.

आकडे फार मोठे दिलेत आणि खिडकी जवळजवळ पडदाभर व्हायला लागली, तर जीनोम ती आपणहून मॅक्सिमाइझ करून टाकतं. मग तुम्ही दिलेला आकडा बाजूला राहतो आणि पडद्यावर मावतील तेवढे कॉलम-ओळी मिळतात. पडदाभरच हवी असेल तर मोठे आकडे लिहिण्यापेक्षा सेटिंग्जच्या कीबोर्ड विभागात स्वतःचा शॉर्टकट करा आणि त्यात जीनोम टर्मिनलला मॅक्सिमाइझचा पर्याय द्या. मूळ कंट्रोल-आल्ट-टी तसाच ठेवून नव्या शॉर्टकटला दुसरी कळ दिलीत तर दोन्ही सोयी हाताशी राहतात.

तुम्ही एखाद्या कॉलेजची लॅब सांभाळत असाल आणि ३०-४० मशीनवर हेच करायचं असेल, तर प्रत्येकावर माउस फिरवायची गरज नाही. हे आकडे डीकॉन्फमध्ये, म्हणजे जीनोमच्या सेटिंग्जच्या साठ्यात, राहतात. तिथे 'ऑर्ग, जीनोम, टर्मिनल, लेगसी, प्रोफाइल्स' या वाटेखाली प्रत्येक प्रोफाइलची लांबलचक ओळखखूण आणि तिच्याखाली 'डिफॉल्ट-साइझ-कॉलम्स' व 'डिफॉल्ट-साइझ-रोज' या दोन किल्ल्या असतात. पहिल्यापासून असलेल्या प्रोफाइलची ओळखखूण सगळ्या मशीनवर एकच असते, त्यामुळे ईटीसी डिरेक्टरीतल्या डीकॉन्फच्या फाइलींतून सगळ्यांना सारखा आकार देता येतो. विद्यार्थ्याने स्वतः वेगळा आकार निवडला तर त्याची निवड वरचढ राहते. आणि ते तसंच असायला हवं.

आता १३२ का म्हणालो ते सांगतो. आकडा निवडणं हा या विषयातला खरा विचार करण्याचा भाग आहे आणि त्यावर लोक सगळ्यात कमी वेळ देतात.

तुमची खिडकी ८० बाय २४ उघडते याचा उगम संगणकाच्या पडद्याआधीचा आहे. आयबीएमने १९२८ मध्ये ८० कॉलमचं पंचकार्ड आणलं. पुढे पडद्याची टर्मिनलं आली तेव्हा एका कार्डावरचा मजकूर एका ओळीत मावावा हे सोयीचं होतं. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं १९७८ चं व्हीटी-१०० हे टर्मिनल ८० बाय २४ चं होतं, आणि आज आपण जे एम्युलेटर वापरतो ते बहुतेक सगळे त्याच घराण्याची नक्कल करतात. एम्युलेटर हा शब्दच त्यासाठी आहे. १३२ हा आकडा छापखान्याच्या बाजूने आला. आयबीएमचा १९५९ चा १४०३ लाइन प्रिंटर एका ओळीत १३२ अक्षरं छापायचा, आणि त्या कागदावरचे अहवाल पडद्यावरही वाचता यावेत म्हणून व्हीटी-१०० मध्ये १३२ कॉलमची वेगळी सोय दिली होती.

मी कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे एका सहकारी बँकेची सिस्टिम होती. दिवसाअखेरचे अहवाल रुंद डॉट मॅट्रिक्सवर, भोकं पाडलेल्या सलग कागदावर निघायचे, १३२ कॉलमचे. खातेक्रमांक, नाव, जमा, नावे, शिल्लक हे सगळं एका ओळीत. तेच अहवाल ८० कॉलमच्या पडद्यावर उघडले की शिल्लकेचा आकडा पुढच्या ओळीत पडायचा आणि नजरचुकीने तो खालच्या खातेदाराचा वाटायचा. पैशाच्या कामात ही चूक परवडत नाही, म्हणून आम्ही सगळ्या ऑपरेटरच्या टर्मिनलचा आकार १३२ केला. त्यात मी एक चूक केली. नोंदी भरायचा जुना कार्यक्रम पडदा ८० बाय २४ चाच आहे असं गृहीत धरून लिहिलेला होता. मोठ्या खिडकीत त्याच्या चौकटी तुटल्या, सकाळी काउंटर उघडायच्या वेळी दोन टेबलांवरचं काम अडलं. शेवटी त्या कार्यक्रमासाठी ८० बाय २४ चं वेगळं प्रोफाइल करून दिलं आणि डेस्कटॉपवर त्याचं वेगळं चिन्ह ठेवलं. तेव्हापासून मी कुणालाही 'एकच मोठा आकार सगळीकडे' असा सल्ला देत नाही. कामाला एक प्रोफाइल. लॉगसाठी रुंद, कोडसाठी मध्यम, जुन्या कार्यक्रमासाठी जुनंच.

कोड लिहायला मी १०० कॉलम पुरेसे मानतो. पायथनच्या शैलीची अधिकृत मार्गदर्शिका ७९ अक्षरांची मर्यादा सांगते. लिनक्स कर्नलच्या तपासणी साधनाने ८० ची ताकीद २०२० मध्ये १०० वर नेली. त्यापेक्षा रुंद खिडकीत ओळीच्या टोकावरून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येताना नजर चुकते. रुंदीपेक्षा उंची वाढवा, असं माझं मत आहे. २४ ओळींत एखादं लहानसं फंक्शनसुद्धा पूर्ण दिसत नाही, ४० ओळींत दिसतं, आणि वरखाली करण्याचा त्रास तिथेच निम्मा होतो.

पडद्यावर किती मावेल याचा हिशोब आधी करा. तुमच्या फॉन्टचं एक घर ९ पिक्सेल रुंद आणि १८ उंच आहे असं धरू. १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप, जो आपल्याकडे अजून घराघरात आहे, त्यावर उबुंटूचं डावीकडचं डॉक सुमारे ७० पिक्सेल घेतं. उरले १२९६, म्हणजे १४४ कॉलम. उंचीत वरची पट्टी आणि खिडकीचा मथळा वजा केला की ७०० च्या आसपास पिक्सेल, म्हणजे ३८ ओळी. म्हणून मी तुम्हाला १३२ बाय ३६ सुचवलं. ते १३६६ च्या पडद्यावरही बसतं आणि आपोआप मॅक्सिमाइझ होण्याच्या थोडं अलीकडे थांबतं. दोन खिडक्या शेजारी ठेवायच्या असतील तर त्याच लॅपटॉपवर प्रत्येकीला ७२ कॉलम येतात, म्हणजे ८० लाही कमी. तिथे खिडकीचा आकार बदलून उपयोग नाही, डॉक लपवा आणि फॉन्ट एका पायरीने लहान करा. घर ८ पिक्सेलचं झालं की ८५ कॉलमच्या दोन खिडक्या बसतात. १९२० च्या पडद्यावर हा प्रश्नच येत नाही, तिथे शंभर-शंभरच्या दोन सहज मावतात. तुमच्या मशीनवरचा खरा आकडा हवा असेल तर खिडकी मॅक्सिमाइझ करून एसटीटीवाय साइझ चालवा. ती तुमची कमाल मर्यादा.

फॉन्ट बदलला की हा सगळा हिशोब बदलतो हे लक्षात ठेवा. प्रोफाइलमध्ये कॉलम-ओळी नोंदलेल्या असतात, पिक्सेल नाहीत. फॉन्ट मोठा केला की तेवढेच कॉलम दाखवायला खिडकी मोठी होते आणि मग पडद्याबाहेर जायला लागते. आधी फॉन्ट ठरवा, मग आकार.

बाकीच्या एम्युलेटरबद्दल झपाट्याने सांगतो. कॉन्सोल वापरणाऱ्यांना एक खाच हमखास लागते. प्रोफाइलमध्ये कॉलम-ओळी दिल्या तरी मुख्य सेटिंगमधला 'रिमेंबर विंडो साइझ' हा पर्याय चालू असेल तर तो मागच्या वेळचा आकारच पुढे चालवतो. आधी ती खूण काढा. एक्सएफसीई टर्मिनलमध्ये प्रेफरन्सेसच्या अपिअरन्स टॅबमध्ये डिफॉल्ट जॉमेट्री आहे, तिथे दोन आकडे भरले की काम संपलं. किटीमध्येही कॉन्सोलसारखीच आठवण ठेवण्याची सवय आहे. तिच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'रिमेंबर विंडो साइझ' ला 'नो' द्या आणि सुरुवातीच्या रुंदी-उंचीचे आकडे लिहिताना त्यांच्या शेपटीला लहान सी लावा. सी नसेल तर ती तो आकडा पिक्सेल समजते, आणि १३२ पिक्सेलची खिडकी म्हणजे पोस्टाचं तिकीट. अलाक्रिटीमध्ये टॉमल फाइलच्या विंडो विभागात 'डायमेन्शन्स' म्हणून कॉलम आणि लाइन्स दोन्ही द्यावे लागतात.

एक्सटर्म अजूनही ज्यांच्याकडे आहे त्यांनी होम डिरेक्टरीतल्या एक्सरिसोर्सेस फाइलमध्ये जॉमेट्री लिहावी, पण ती व्हीटी-१०० या घटकाच्या नावाने लिहावी. नुसती ताऱ्याची खूण टाकून सगळ्यांना लागू केली तर एक्सटर्मचे मेनूसुद्धा तो आकार घ्यायला जातात आणि वेडेवाकडे दिसतात. लिहून झाल्यावर एक्सआरडीबीने ती फाइल पुन्हा वाचायला लावायला विसरू नका.

विंडोजवर विंडोज टर्मिनल असेल तर सेटिंग्जमध्ये स्टार्टअप विभागात 'लाँच साइझ' आहे. तिथे मुळात १२० बाय ३० असतं. जुना काळा कमांड प्रॉम्प्ट असेल तर मथळ्याच्या पट्टीवर उजवं क्लिक केल्यावर दोन पर्याय दिसतात, डिफॉल्ट्स आणि प्रॉपर्टीज. प्रॉपर्टीज फक्त त्या शॉर्टकटपुरतं लागू होतं, सगळीकडे हवं असेल तर डिफॉल्ट्स. लेआउट टॅबमध्ये बफरची रुंदी खिडकीच्या रुंदीपेक्षा कमी ठेवता येत नाही. मॅकच्या टर्मिनलमध्ये सेटिंग्ज, प्रोफाइल्स, विंडो अशी वाट आहे, आणि खाली 'डिफॉल्ट' बटण दाबलं नाही तर नवी खिडकी जुन्याच प्रोफाइलने उघडते.

पुटीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या किती तरी ऑफिसांत सर्व्हरवर जायचा तोच रस्ता आहे. विंडो विभागात कॉलम आणि ओळी बदलून लोक थेट ओपन दाबतात, आणि दुसऱ्या दिवशी बदल गेलेला असतो. पुटीमध्ये बदल साठवायला परत सेशन विभागात यावं लागतं. क्रम असा: आधी 'डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडून लोड करा, मग विंडोमध्ये आकडे बदला, परत सेशनमध्ये येऊन 'डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडलेलं आहे ना ते पाहून सेव्ह करा. तरीही आधी साठवलेली सेशन्स आपापला जुना आकार धरून बसतात. त्यांना एकेक करून लोड-बदल-सेव्ह करावं लागतं, त्याला दुसरा सोपा उपाय नाही. तिथेच 'खिडकीचा आकार बदलल्यावर काय करायचं' असा एक पर्याय आहे. तो 'फॉन्टचा आकार बदला' वर असेल तर खिडकी ओढल्यावर कॉलम वाढत नाहीत, अक्षरं फुगतात. ओढूनही ओळी मोडतच असतील तर तो पर्याय तपासा.

दूरच्या सर्व्हरचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या त्या ओळीमागे 'सर्व्हरलाही सांगायला हवं' असा समज दिसतो. सांगावं लागत नाही. एसएसएच जोडणी करताना तुमच्या खिडकीचे कॉलम आणि ओळी सर्व्हरला आपोआप कळवतं, आणि मधे खिडकी बदलली तर तेही कळवतं. तिकडचा कर्नल ते स्वतःच्या वहीत नोंदतो. अपवाद सिरियल केबलचा. राउटरला किंवा रास्पबेरी पायला तीन तारांनी जोडलं की आकार कळवायची वाटच नसते, आणि समोरचा कार्यक्रम ८० बाय २४ धरून चालतो. फक्त तिथे हाताने एसटीटीवायने ओळी आणि कॉलम सांगणं योग्य आहे, किंवा एक्सटर्मच्या पॅकेजमधली रिसाइझ ही आज्ञा. ती टर्मिनललाच विचारून खरा आकडा नोंदवते. टीमक्सचं सेशन कुणी जोडलेलं नसताना सुरू केलं, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या कार्यक्रमातून) वगैरे, तर ते मुळात ८० बाय २४ चं असतं. सुरू करतानाच एक्स आणि वाय या पर्यायांनी आकार द्या, नाहीतर त्यातल्या कार्यक्रमाने साठवलेलं आउटपुट ८० वर कापलेलं मिळेल.

आता मूळ दुखण्याकडे, म्हणजे लॉगच्या मोडणाऱ्या ओळींकडे. १३२ ने बरंच काम होईल, सगळं होणार नाही. जावाचे किंवा वेब सर्व्हरचे लॉग ३००-४०० अक्षरांच्या ओळी सहज टाकतात, त्यांना पुरेल असा पडदा नाही. तिथे फाइल लेस या फाइल वाचायच्या कार्यक्रमात उघडा आणि मोठा एस हा पर्याय द्या. ओळी मोडणं थांबतं, एक नोंद एका ओळीत राहते, आणि उजव्या बाणाने पुढचा भाग दिसतो. लेस चालू असतानाही वजा चिन्ह आणि मग मोठा एस टाइप केला की हा पर्याय चालू-बंद होतो. वेळ, पातळी, मॉड्यूल हे सगळ्या ओळींत एकाखाली एक दिसायला लागले की चूक कुठे सुरू झाली ते नजरेला लगेच सापडतं. मला विचाराल तर लॉग वाचणाऱ्याला खिडकीच्या आकारापेक्षा हा एक पर्याय जास्त उपयोगी आहे.

मराठी मजकुराबद्दल एक गोष्ट. तुमच्या फाइलींची नावं किंवा लॉगमधली ग्राहकांची नावं देवनागरीत असतील तर कॉलमचा हिशोब आणि डोळ्याला दिसणारी लांबी जुळत नाही. टर्मिनल पडदा सारख्या घरांत विभागतं. लिनक्सच्या नेहमीच्या हिशोबात उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना शून्य घर मिळतं, काना आणि वेलांटी यांना एक. 'नमस्कार' मध्ये कागदावर स्क एकत्र असतो, पण टर्मिनलच्या हिशोबात स आणि क ची दोन वेगळी घरं, वर कान्याचं एक, मिळून सहा. त्यामुळे देवनागरी नावांचे तक्ते वाकडे दिसतात, आणि काही एम्युलेटरमध्ये जोडाक्षरंही तुटतात. खिडकी कितीही रुंद केली तरी हे सुटत नाही. असा मजकूर सारखा हाताळायचा असेल तर फाइल एडिटरमध्ये उघडून वाचा, तक्ता टर्मिनलमध्ये जुळवत बसू नका.

तर आता क्रमाने करा. सर्व्हरवरच्या बॅशआरसीतली ती ओळ आधी काढा. चालू जोडणी बंद करू नका, दुसऱ्या खिडकीतून एसएफटीपी लावून बघा, तो आकडा यायचा थांबला की मगच पहिली बंद करा. मग स्वतःच्या मशीनवरची ओळ काढा, प्रोफाइलमध्ये १३२ आणि ३६ भरा, नवी खिडकी उघडून एसटीटीवाय साइझ चालवा. तरीही एसएफटीपी अडलं आणि आकडा वेगळा दिसला, तर तो इथे लिहा. त्या आकड्याचे ४ बाइट उलगडले की बॅशआरसीतली आणखी कुठली ओळ मधे बोलते आहे ते सांगता येईल.